पॅप तपासणीच्या अहवालासोबत मुलाच्या प्रश्नाचेही उत्तर मिळावे

प्रति,
मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

महिला दिन जवळ आला की गावोगावी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी शिबिरे भरतात आणि आपल्या दैनिकात त्यांच्या बातम्या छायाचित्रांसह येतात. उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले आणि किती महिलांनी लाभ घेतला, हे त्या बातम्यांत असते. ज्यांचा अहवाल बिघडलेला आला त्यांचे पुढे काय झाले, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते. सोलापुरातील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत मी सायटोटेक्नॉलॉजिस्ट म्हणून नोकरी केली. पॅप तपासणीत गर्भाशयमुखावरच्या पेशी हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतात; त्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या आणि जिथे शंका वाटेल तिथे खूण करून त्या डॉक्टरांपुढे ठेवायच्या, हे माझे काम होते. त्या कामातून दिसलेली एक उणीव आपल्या वाचकांपुढे आणि आरोग्य खात्यापुढे मांडावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. ज्या स्त्रीला अजून मूल हवे आहे, तिचा अहवाल बिघडलेला आला की तिच्या मनात कर्करोगाच्या भीतीइतकाच, किंबहुना तिच्याही आधी, मुलाचा प्रश्न उभा राहतो. आणि त्या प्रश्नाचे उत्तर तिला तोंडी क्वचित मिळते, कागदावर तर मिळतच नाही.

तपासणीच्या गरजेविषयी माझ्या मनात यत्किंचितही शंका नाही. २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि जवळपास ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयोगटातील शंभर स्त्रियांमागे दोघींचीही ही तपासणी कधी झालेली आढळली नाही. आमच्या भागाला तर या विषयात जगात मान आहे. शेजारच्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया ज्या पाहणीत सामील झाल्या, तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची आयुष्यात एकदाच केलेली चाचणीसुद्धा त्याचे मृत्यू निम्म्याच्या आसपास आणू शकते, हे जगाला कळले. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाचा त्या कामात मोलाचा वाटा होता. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अनेक वर्षे पाठपुरावा करून, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी साध्या व्हिनेगरने केलेल्या तपासणीनेही मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होतात, असे २०१३ मध्ये जाहीर केले. जगभरच्या आरोग्य धोरणांना आधार देणाऱ्या या बायका आपल्या शेजारपाजारच्या आहेत, शेतात आणि घरकामात राबणाऱ्या आहेत. तपासणीला या, असे आपण त्यांना सांगतो, तेव्हा तपासणीनंतरची माहितीही त्यांना पुरी मिळाली पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

काचपट्टीवर निरोगी पेशी ओळखणे अवघड नसते. तिचे अंग पसरट असते आणि मध्यभागी लहानसे, आटोपशीर केंद्रक असते. विषाणूने गाठलेल्या पेशीत त्या केंद्रकाभोवती मोकळे, फिकट वलय पडलेले दिसते. बदल जसजसा वाढतो, तसतसे केंद्रक मोठे, गडद आणि वेडेवाकडे होत जाते आणि पेशीचे बाकीचे अंग त्याच्याभोवती जेमतेम उरते. या पायऱ्यांना पॅप अहवालात एलएसआयएल ('लो ग्रेड', म्हणजे सौम्य बदल) आणि एचएसआयएल ('हाय ग्रेड', म्हणजे तीव्र बदल) म्हणतात. नंतर कॉल्पोस्कोपी करून, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख पाहून, संशयित जागेचा छोटा तुकडा तपासला (बायोप्सी) की बदल सौम्य आहे की तीव्र, त्यानुसार चढत्या क्रमाने सीआयएन १, २ किंवा ३ असे निदान लिहिले जाते. यातली एकही पायरी म्हणजे कर्करोग नव्हे. पुढे कधी तरी कर्करोग होऊ शकेल अशा बदलांची ती आगाऊ सूचना असते, आणि तीच मिळावी म्हणून तर तपासणीचा सारा खटाटोप आहे. समजुतीचा मोठा घोटाळा सुजेच्या शेऱ्यानेही होतो. 'इन्फ्लमेटरी स्मिअर' असे लिहिलेले अहवाल आमच्याकडून नेहमी जात. त्याचा अर्थ तिथे जळजळ किंवा साधा जंतुसंसर्ग दिसतो, एवढाच असतो. पण घरी जाईपर्यंत त्याचे 'पिशवीला सूज आहे' असे होते आणि चार जणींच्या तोंडून फिरून आले की 'पिशवी खराब झाली आहे, आता मूल राहायचे नाही' इथपर्यंत गोष्ट जाते.

लग्नाला दोन-तीन वर्षे झालेली एक सून एकदा सासूबाईंबरोबर अहवाल घ्यायला आली होती. दोघींनी बाकावर बसून लिफाफा उघडला. त्या इंग्रजी कागदातून त्यांना एवढेच लागले की काहीतरी 'हाय ग्रेड' आहे, आणि 'हाय' म्हणजे जास्त, हे दोघींनाही कळत होते. सासूबाईंनी काउंटरवर येऊन विचारले, "अहो, हिला कॅन्सर झालाय का?" काउंटरवरच्या मुलाने नियमाप्रमाणे सांगितले, "डॉक्टरांना दाखवा." सून मागे उभी होती. मी आतून बाहेर आलेली पाहून ती जवळ आली आणि सासूबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "ताई, मला दिवस राहतील ना?" तंत्रज्ञाने निदान सांगू नये, हा नियम योग्यच आहे आणि मी तो पाळला, पण डॉक्टरांकडे गेल्यावर अगदी पहिल्यांदा हाच प्रश्न विचारा, असे मी तिला बजावून सांगितले. काही आठवड्यांनी तिच्या नावाची, काढलेला तुकडा टिकवून ठेवणाऱ्या फॉर्मॅलिन द्रवाची बाटली आमच्याकडे आली. तिच्यावर लीप नावाची छोटी शस्त्रक्रिया झाली होती. विजेच्या तारेच्या वेटोळ्याने गर्भाशयमुखाचा बिघडलेला भाग काढतात, ती ही शस्त्रक्रिया. आमच्या डॉक्टरांनी तो करड्या रंगाचा तुकडा टेबलावर घेतला, कडांना शाई लावली, पट्टीने लांबी, रुंदी आणि खोली मोजून आकडे सांगितले आणि मी ते लिहून घेतले. खोली ९ मिलिमीटर होती. निदान सीआयएन ३ होते, आणि सगळ्या कडा मोकळ्या होत्या, म्हणजे बिघडलेला भाग पूर्ण निघाला होता.

तिच्या प्रश्नाच्या उत्तराचा निम्मा भाग त्या आकड्यात होता. तो अहवालाच्या वर्णनाच्या परिच्छेदात बारीक अक्षरांत, इंग्रजीत छापून गेला. अशा स्त्रीला निदानाची ओळ वाचून दाखवली जाते; मोजमापाची ओळ कोणी वाचून दाखवल्याचे मी ऐकलेले नाही.

या आकड्याला एवढे महत्त्व का, ते सविस्तर सांगते. गर्भाशयमुख नऊ महिने मिटून राहते, गर्भाचा भार तोलते आणि तिथल्या दाट स्रावामुळे खालचा जंतुसंसर्ग वर जात नाही. त्याचा भाग काढला की ते थोडे आखूड होते, आणि जितका खोल भाग काढावा तितकी बाळंतपण वेळेआधी होण्याची शक्यता वाढते. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, जगभरातील अनेक पाहण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात असे दिसले की उपचार न झालेल्या स्त्रियांमध्ये १०० पैकी ५ ते ६ बाळंतपणे ३७ आठवड्यांच्या आत होत होती, तर उपचार झालेल्यांमध्ये १० ते ११. काढलेल्या भागाची खोली १० ते १२ मिलिमीटरच्या आत असेल तर जोखीम साधारण दीडपट, १५ ते १७ च्या पुढे गेली तर पावणेतीनपट आणि २० च्या पुढे गेली तर जवळजवळ पाचपट भरते. सीआयएन आहे पण त्यावर उपचार झालेले नाहीत, अशा स्त्रियांमध्येही ही जोखीम इतरांपेक्षा थोडी जास्त आढळते, म्हणून सगळा दोष शस्त्रक्रियेच्या माथी मारता येत नाही. दिवस राहण्याचे म्हणाल, तर त्याच नियतकालिकातील २०१४ च्या विश्लेषणात उपचारांमुळे गर्भधारणेची शक्यता घटते असा पुरावा मिळाला नाही; चौथ्या ते सहाव्या महिन्यातील गर्भपाताचे प्रमाण मात्र वाढलेले दिसले, तेही १०० मध्ये अर्ध्याहून कमीवरून दीडच्या आसपास. क्वचित एखादीच्या गर्भाशयमुखाचे तोंड जखम भरताना आकसते आणि पाळीचे रक्त अडून पोटात दुखू लागते. असे झाले तर ते दाखवून घ्यावे लागते.

तेव्हा त्या सुनेला खरे उत्तर असे मिळायला हवे होते: दिवस राहायला या शस्त्रक्रियेने अडथळा येण्याचे कारण नाही; तुमच्यासारखे उपचार झालेल्या दहापैकी नऊ जणींचे बाळंतपण वेळेवर होते; तुमचा काढलेला भाग कमी खोलीचा आहे; मात्र दिवस राहिले की डॉक्टरांना या शस्त्रक्रियेविषयी पहिल्याच भेटीत सांगा. हे सांगायला दोन मिनिटे पुरतात. ही दोन मिनिटे मिळत नाहीत, तेव्हा काय घडते ते मी दोन्ही बाजूंनी पाहिले आहे.

एका बाजूला, उपचार केले तर मूल होणार नाही या भीतीने बायका परत येतच नाहीत. सीआयएन १ च्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही, कारण तो बहुतेक वेळा आपोआप निवळतो आणि त्याला उपचार नव्हे, ठरावीक अंतराने तपासणी लागते. सीआयएन २ मध्येही, विशेषतः तरुण स्त्रीला मूल हवे असेल तर, दर सहा महिन्यांनी कॉल्पोस्कोपी करून वाट पाहणे हा मान्य मार्ग आहे. सुमारे निम्म्या जणींमध्ये तो दोन वर्षांत मागे हटतो. सीआयएन ३ ची गोष्ट निराळी. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९६० आणि ७० च्या दशकांत अशा अनेक स्त्रियांना पुरेसे उपचार न देता नुसते पाहत राहण्याचा जो प्रकार झाला, त्याची पुढे १९८७-८८ मध्ये न्यायमूर्ती सिल्व्हिया कार्टराइट यांच्यामार्फत चौकशी झाली. पुरेसे उपचार न मिळालेल्या त्या स्त्रियांपैकी सुमारे ३१ टक्के स्त्रियांना तीस वर्षांत कर्करोग झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. मुलासाठी उपचार टाळणारी स्त्री पुढे त्या मुलालाच आईविना ठेवण्याचा धोका पत्करते, हे तिला कोणी तरी शांतपणे आणि आकड्यांनिशी सांगितले पाहिजे.

दुसऱ्या बाजूला, जी भीती तिला घालू नये ती घातली जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली आणि पाहणीत तेरा हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. "पिशवी ठेवलीत तर कॅन्सर होईल" असे सांगितल्याचे त्यांतल्या अनेक जणींनी बोलून दाखवले होते. सीआयएनसाठी गर्भाशय काढणे हा पहिला उपचार नाही. बिघाड गर्भाशयमुखाच्या काही मिलिमीटर भागात असतो, तेवढाच काढायचा असतो किंवा जाळायचा असतो. बिघडलेली जागा पूर्ण नजरेस पडत असेल, आतल्या नळीत गेलेली नसेल आणि कर्करोगाचा संशय नसेल, तर ती गोठवून किंवा उष्णतेने जाळून टाकता येते आणि पुढच्या बाळंतपणावर त्याचा परिणाम कापून काढण्यापेक्षा कमी होतो. इतकेच काय, अगदी सुरुवातीच्या अवस्थेतल्या प्रत्यक्ष कर्करोगातसुद्धा निवडक स्त्रियांचे गर्भाशय राखून शस्त्रक्रिया करता येते. पंचविशी-तिशीतल्या बाईला पॅप अहवालाच्या एका ओळीवरून, कॉल्पोस्कोपी आणि बायोप्सीशिवाय, पिशवी काढायचा सल्ला मिळाला, तर तिने दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नये, असे मी कळकळीने सांगते.

एचपीव्हीच्या निदानाने घरात उठणाऱ्या संशयाविषयीही बोलले पाहिजे. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो एवढे अर्धे वाक्य ऐकून नवऱ्याने बायकोला माहेरी धाडल्याचे आणि बायकोने नवऱ्याशी अबोला धरल्याचे मला माहीत आहे. वस्तुस्थिती अशी आहे की शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा संसर्ग होतो, बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत निघून जातो आणि काहींच्या शरीरात तो कित्येक वर्षे काही न दाखवता राहू शकतो. आज चाचणीत सापडला म्हणून तो आज-काल लागला, असे म्हणता येत नाही आणि कोणाकडून लागला हे तर कोणीच सांगू शकत नाही. ज्या जोडप्याला मूल हवे आहे त्यांच्यात अशा वेळी फूट पडणे, ही अपुऱ्या माहितीने केलेली हानीच आहे. म्हणून शक्य असेल तिथे अहवाल समजावताना नवऱ्यालाही शेजारी बसवावे. मात्र तिची संमती घेऊनच.

आता मूल कधी होऊ द्यावे, याविषयी. लीपनंतर जखम भरून गर्भाशयमुख पुन्हा सावरायला काही महिने लागतात आणि साधारण सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करून बिघाड उरला नाही याची खात्री करतात. ती तपासणी होईपर्यंत दिवस राहू न देणे बरे, असे अनेक तज्ज्ञ सुचवतात. पण पस्तिशी ओलांडलेल्या आणि मूल होण्यासाठी आधीच उपचार घेत असलेल्या स्त्रीला सहा महिनेही महाग असतात. तिचा हिशेब तिच्या डॉक्टरांनी तिच्याबरोबर बसून करायला हवा. शहरांत लग्ने उशिरा होऊ लागली आहेत, दुसरे मूल तिशीनंतर होते, पुनर्विवाह होतात. तपासणीला येणाऱ्या तीस वर्षांपुढच्या स्त्रीला मूलबाळ होऊन गेलेलेच असेल, हे आपल्या कार्यक्रमांनी मनात धरलेले गृहीतक आता बदलायला हवे. या मधल्या महिन्यांत कोणते गर्भनिरोधक वापरायचे, हेही तिला सांगावे लागते. नुसते 'थांबा' म्हणून भागत नाही.

दिवस राहिल्यावर करायच्या गोष्टी आपल्याकडच्या तालुक्याच्या गावातही होण्यासारख्या आहेत. पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळाची वाढ आणि व्यंग पाहण्यासाठी सोनोग्राफी केलीच जाते. त्याच वेळी योनीमार्गातून सोनोग्राफी करून गर्भाशयमुखाची लांबी मोजली, तर पुढचा अंदाज येतो. ती २५ मिलिमीटरच्या खाली आली तर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक देता येते किंवा टाका घालता येतो. बटव्याची नाडी ओढावी तसे गर्भाशयमुख आवळून धरणारा हा टाका जगभर ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मूळचे गोव्यातील शिरोड्याचे आणि मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक. १९५५ मध्ये त्यांनी ही शस्त्रक्रिया वैद्यकविश्वापुढे मांडली. लीप झालेल्या प्रत्येकीला टाक्याची गरज नसते, हेही तितकेच खरे आहे. गरज कोणाला आहे हे लांबी मोजल्यावर आणि आधीच्या बाळंतपणांचा इतिहास पाहून ठरते. जिची जोखीम जास्त दिसेल तिचे बाळंतपण नवजात शिशू काळजी कक्ष असलेल्या रुग्णालयात व्हावे अशी आधीच तजवीज करता येते, आणि वेळेआधी कळा सुरू झाल्याच तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी आईला वेळेत इंजेक्शने देता येतात.

काही जणींना अहवाल बिघडल्याचे गरोदरपणातच कळते. त्यांच्यासाठी एवढेच सांगते की गरोदरपणात पॅप तपासणी आणि कॉल्पोस्कोपी करता येते, कर्करोगाचा संशय असेल तर बायोप्सीही करता येते; कर्करोग नाही याची खात्री झाली की सीआयएनचा उपचार बाळंतपणानंतर करतात. गरोदरपणामुळे हा बिघाड झपाट्याने वाढतो असे नाही आणि बाळंतपणानंतर तो पुष्कळदा कमी झालेला दिसतो. नुसत्या सीआयएनसाठी गर्भपात करण्याचे कारण नाही, आणि केवळ त्यासाठी सिझेरियन करण्याचेही नाही. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांच्या पुढे पुन्हा तपासणी करायला जाणे मात्र चुकवू नये. बाळाच्या लसी आणि दुधाच्या धावपळीत आईची ही तारीख हमखास मागे पडते, म्हणून ती बाळाच्या लसीकरणाच्या तारखांशेजारीच लिहून द्यावी.

आता आरोग्य खात्याकडे आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनांकडे माझे मागणे. पहिली गोष्ट, बिघडलेल्या प्रत्येक अहवालासोबत एका पानाचे मराठी टिपण जावे आणि 'हा कर्करोगाचा अहवाल नाही' हे वाक्य, जिथे ते लागू असेल तिथे, त्यात ठळक असावे. पुढे मूल हवे आहे का, हा प्रश्न कॉल्पोस्कोपीच्या आधी विचारला जावा आणि उत्तर केसपेपरवर लिहिले जावे, कारण वाट पाहायची, जाळायचे की कापून काढायचे आणि किती खोल काढायचे, हे त्या उत्तरावर अवलंबून असते. मूल हवे आहे म्हणून बिघाड मागे ठेवावा, असे मी म्हणत नाही. आवश्यक तेवढे काढावे, अनावश्यक काढू नये, आणि जे काढले ते मोजून सांगावे.

दुसरी मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी येते, तिथले डॉक्टर नवे असतात आणि शस्त्रक्रियेची फाइल सासरच्या कपाटात राहते. ऊसतोडीला जाणारी स्त्री तर सहा महिने कधी कोल्हापुरात, कधी कर्नाटकात फडावर असते आणि कागदपत्रे गावातल्या पेटीत असतात. 'तेव्हा काहीतरी दुर्बिणीने तपासले होते, थोडे काढले होते' एवढेच तिला सांगता येते आणि ज्या माहितीवर तिची पुढची तपासणी ठरायला हवी, ती माहितीच हरवलेली असते. माता व बाल संरक्षण कार्ड मात्र तिच्याबरोबर सगळीकडे जाते. गरोदर मातेची नोंदणी करताना आशाताईंनी आणि एएनएम ताईंनी 'गर्भाशयमुखावर कधी उपचार किंवा छोटी शस्त्रक्रिया झाली आहे का?' हा एक प्रश्न विचारावा आणि उत्तर त्या कार्डावर ठळक लिहावे. लीप करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने घरी सोडताना एक लहान कार्ड द्यावे आणि त्यावर शस्त्रक्रियेची तारीख, पद्धत, पॅथॉलॉजी अहवालातील निदान, कडा मोकळ्या होत्या की नाही आणि काढलेल्या भागाची खोली मिलिमीटरमध्ये, एवढे लिहावे. ही मोजमापे प्रयोगशाळेत आजही घेतली जातात. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही की नवा निधी लागत नाही. अहवालातील एक ओळ दुसऱ्या कागदावर मराठीत उतरवून घ्यायची आहे आणि ती त्या स्त्रीच्या हातात द्यायची आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त सायटोटेक्नॉलॉजिस्ट, सोलापूर